भागाकारानं गाडी लहान होत नाही

खोक्याच्या कोपऱ्यात एक अपूर्णांक छापलेला असतो, १/२४. गाड्यांची मॉडेलं बांधणाऱ्याला तो पाठ असतो आणि नवख्याला तो शाळेतल्या गणिताइतका सोपा वाटतो. ॲम्बेसिडर साधारण ४.३ मीटर लांब, म्हणजे टेबलावर ती १८ सेंटीमीटर भरली पाहिजे. रुंदी सात सेंटीमीटरांच्या जरा आत. दारं, चाकं, आरसे, दिवे, प्रत्येकाला चोविसानं भागायचं, येईल ते माप कापायचं, चिकटवायचं, रंगवायचं. विरंगुळा म्हणून हे ठीक आहे, पण यात जन्म घालवण्यासारखं काय आहे, असं घरातलं कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. भागाकार आठवडाभरात हाताखाली येतो.

तरीही माणसं यात जन्म घालवतात. दहाव्या वर्षी पहिली गाडी जोडलेला मुलगा सत्तरीतही डोक्याला भिंग बांधून त्याच कामात गढलेला सापडतो. त्याचं कारण माझ्या मते एवढंच की चोविसानं भागली जाते ती फक्त लांबी. जाडी, रंग, उजेड, वजन, धूळ यांतलं काहीही त्या अपूर्णांकाचं ऐकत नाही. म्हणून प्रत्येक भाग हातात घेतला की ठरवावं लागतं, इथे मोजपट्टीचं ऐकायचं की डोळ्याचं. मला सांगायचं आहे ते इतकंच, पण ते एका वाक्यात पटणारं नाही.

आधी त्या अपूर्णांकाकडेच पाहू, कारण त्याचा रुबाब त्याच्या कुळाला शोभणारा नाही. १/२४ हे फूट-इंचांच्या दुनियेतलं अपत्य आहे, एका फुटाला अर्धा इंच. १/४३ आलं आगगाडीच्या खेळण्यांतून. ब्रिटनमध्ये ‘ओ’ गेजच्या खेळातल्या गाड्या एका फुटाला सात मिलिमीटर या मापानं बनत, आणि लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीनं, म्हणजे फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीनं, १९३० च्या दशकात त्या रुळांशेजारी उभ्या करायला ज्या धातूच्या मोटारी काढल्या, त्याच पुढे डिंकी टॉइज झाल्या. रणगाड्यांच्या मॉडेलांमध्ये आज जगभर चालणारं १/३५ हे माप तर जपानच्या तामिया कंपनीला बॅटरीनं दिलं. त्यांचा पँथर रणगाडा मोटरवर चालायचा होता, पोटात बॅटऱ्या मावतील एवढा तो केला, आणि नंतर मोजून पाहिलं तर प्रमाण १/३५ च्या आसपास निघालं.

सगळ्यांत मोकळा हिशोब लंडनच्या लेस्नी कंपनीचा. तिथल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्यानं तिला पितळेचा चिमुकला रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स ही मालिका सुरू झाली. तिच्यात ठरलेलं माप खोक्याचं होतं, गाडीचं नव्हतं. दुमजली बसही त्याच खोक्यात आणि छोटी मोटारही त्याच खोक्यात, त्यामुळे प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाइतका उंच मावळा उभा करणाऱ्या मुलांना यात काहीच खटकणार नाही. त्यांनाही जे महत्त्वाचं ते मोठं करायचं असतं. मोठेपणी आपण मावळा लहान करायला शिकतो आणि त्याला प्रगती म्हणतो. ती प्रगती आहेच, पण त्या मुलांच्या बाजूनंही बोलण्यासारखं बरंच आहे, आणि पुढे ते मला बोलावंच लागणार आहे.

आता जाडी. मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर असतो. त्याला चोविसानं भागलं तर ०.०३ मिलिमीटर येतं, म्हणजे वहीच्या कागदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्या पातळ प्लॅस्टिकचं मडगार्ड साच्यातून निघू शकत नाही आणि निघालं तरी हातात टिकणार नाही. किटमधलं प्लॅस्टिक एक ते दीड मिलिमीटर जाड असतं. ते चोविसपट करून पाहा, २४ ते ३६ मिलिमीटर. हा पत्रा मोटारीचा राहिला नाही, चिलखती गाडीचा झाला. म्हणून चांगला बांधणारा मडगार्डची कड आतल्या बाजूनं तासत जातो. सगळं मडगार्ड पातळ करायची गरज नसते. जाडी डोळ्याला दिसते ती फक्त कडेला, तेव्हा कड धारदार झाली की डोळा उरलेला पत्रा आपोआप पातळ धरून चालतो. लबाडी आहे, पण ती कुठे करायची हे कळायला खरी मडगार्डं बरीच पाहावी लागतात.

रंगाच्या थराचंही तेच. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर सगळे थर मिळून ०.१ मिलिमीटरच्या आसपास रंग असतो. मॉडेलवर प्रायमर, रंग आणि वरचं वार्निश मिळून सहज तेवढंच साचतं, आणि चोविसपट केलं की तो दोन मिलिमीटरांहून जाड लेप होतो. त्याखाली दाराच्या फटी बुजतात, दाराच्या कड्यांच्या कडा गोल होतात, अक्षरं बुडतात. एअरब्रश घेऊन माणसं पातळ, अतिपातळ थर मारत बसतात ते यासाठी.

दाराची फट हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. खऱ्या गाडीत ती चारेक मिलिमीटरांची असते, तेव्हा मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर हवी. समजा ती तितकी अचूक कोरली. तरी ती दिसणार नाही, कारण खऱ्या फटीत आपल्याला दिसते ती फट नसतेच, तिच्यातला काळोख असतो. खऱ्या फटीच्या आत हातभर अंधार आहे. मॉडेलच्या फटीत अर्धा मिलिमीटर खोल प्लॅस्टिक आहे आणि त्याच्या तळापर्यंत दिव्याचा उजेड पोचतो. मग बांधणारा ती रेघ सुईनं थोडी खोल करतो आणि तिच्यात पातळ केलेला काळपट रंग सोडतो. म्हणजे सावली रंगवतो. आणि इथेही सरसकट काळा चालत नाही. पांढऱ्या गाडीच्या फटीत काळा रंग भरला की ती गाडी राहत नाही, गाडीचं रेखाचित्र होतं; तिथे करडा लागतो. लाल गाडीला गडद तपकिरी.

हे सगळं कुठल्या नियमानं चालतं? मी एक साधा हिशोब धरून चालतो. टेबलावरचं मॉडेल आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो. १/२४ च्या जगात अर्धा मीटर म्हणजे १२ मीटर. रस्त्याच्या पलीकडे उभी असलेली गाडी आपण पाहतो आहोत. निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग इतपत बारकावा ओळखता येतो, आणि १२ मीटरवर त्याचा अर्थ साडेतीन मिलिमीटर. त्याहून बारीक जे काही गाडीवर असेल ते तिथून दिसत नाही. स्क्रूच्या डोक्यावरची खाच दिसत नाही, काचेच्या रबरावरची शिवण दिसत नाही, दिव्याच्या काचेवर कोरलेलं कंपनीचं नाव दिसत नाही. दिसतो त्यांचा एकत्र परिणाम. म्हणून मॉडेल हे गाडीचं नसतं, १२ मीटरवरून दिसणाऱ्या गाडीचं असतं. दोन्हींत फरक आहे, आणि या छंदातले निम्मे वाद तो फरक न मानल्यामुळे होतात.

रंगाचा वाद घ्या. खऱ्या गाडीचाच रंग, त्याच डब्यातला, मॉडेलवर मारला तर मॉडेल खरं दिसायला हवं, असं वाटतं. ते दिसत नाही. रंग चमकीचा असेल तर त्यातले धातूचे कण लहान होत नाहीत. मॉडेलवर ते चोविसपट मोठे असल्यासारखे लुकलुकतात. रंग साधा असेल तरी तो गडद वाटतो. जुने लोक सांगतात की लांबच्या वस्तूवर हवेचा पडदा येतो म्हणून रंग थोडा फिका करावा. विमानांना आणि जहाजांना हे लागू असेल. १२ मीटरवरच्या गाडीवर कसला हवेचा पडदा? मला खरं कारण उजेडाचं वाटतं. भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो, आपल्या दिवाणखान्यात तीनेकशे. कमी उजेडात तोच रंग मंद आणि काळवंडलेला दिसतो. शिवाय उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत आभाळ पडलेलं असतं; टेबलावरच्या गाडीत घराचं छत. काळी गाडी रस्त्यावर कधीच काळी नसते. तिच्या टपावर निळं आभाळ असतं, दारांवर डांबर आणि समोरच्या दुकानांचे रंग असतात. म्हणून मॉडेलवर डबीतला शुद्ध काळा सहसा मारत नाहीत. टायरला तर कधीच नाही. रस्त्यावरचा कुठलाही टायर नीट पाहा, तो राखाडी असतो.

क्रोमची गोष्ट वेगळी. किटमधल्या बंपरवर निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमचा मुलामा चढवलेला असतो आणि तो भलताच चकचकीत दिसतो. बरेच जण तो धुऊन काढतात आणि काळ्या तकतकीत थरावर धातुरंगाचा धूसर फवारा मारतात. खिडक्यांच्या कडेच्या बारीक पट्ट्यांसाठी चिकट पाठीची अतिपातळ धातूची पन्नी येते. ती लावायची, काडीनं दाबून बसवायची आणि नव्या कोऱ्या पात्यानं कडेनं कापायची. पातं जुनं असेल तर पन्नी फाटते, आणि तिच्याबरोबर त्या दिवसाचा उत्साहही.

वजनाकडे वळलं की अपूर्णांकाची आणखी पंचाईत होते. लांबी चोविसानं भागली तर घनफळ २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ नं भागलं जातं. अकराशे किलोची मोटार ८० ग्रॅमची होते. १६ टनांचा भरलेला ट्रक १,२०० ग्रॅमही भरत नाही. गॅलिलिओनं १६३८ मध्ये छापलेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात हाडांचं उदाहरण देऊन हे मांडलं आहे. प्राणी मोठा होतो तशी त्याची हाडं त्याच प्रमाणात जाड होऊन भागत नाही, त्याहून जास्त जाड व्हावी लागतात, कारण वजन ताकदीपेक्षा वेगानं वाढतं. आपण उलट दिशेनं चाललो आहोत. लहान होताना वजन ताकदीपेक्षा वेगानं घटतं, म्हणून लहान वस्तू स्वतःच्या वजनाची पर्वाच करत नाही. तिची कमान दबत नाही, टायर फुगत नाही, मागचा फाळका लोंबत नाही. सगळं ताठ उभं. नवशिक्याचं मॉडेल ओळखायची ही माझी खूण आहे. मापं बरोबर असतात, पण गाडी जमिनीवर बसलेली नसते, नुसती ठेवलेली असते.

तेव्हा वजन आणता येत नाही, वजनाचा पुरावा आणावा लागतो. टायरचा तळ पॉलिश पेपरवर थोडा घासून सपाट करायचा आणि त्याच्या जवळच्या भिंती बाहेर किंचित फुगवायच्या. भरलेल्या ट्रकच्या कमानीचे पाटे जवळजवळ सरळ करायचे, रिकाम्याचे वाकलेले ठेवायचे. हौदात ऊस दाखवून पाटे मात्र रिकाम्या गाडीचे ठेवलेलं मॉडेल मी पाहिलं की मला त्या उसाच्या जागी थर्माकोलच दिसतो. जुन्या मोटारीत ड्रायव्हरच्या बाजूची सीट जास्त दबलेली असते, कारण तिथे वीस वर्षं माणूस बसला आहे.

काळही असाच निसटतो. सिनेमात लहान मॉडेल दरीत ढकलून खऱ्या अपघाताचा भास करायचा तर कॅमेरा जास्त वेगानं चालवून दृश्य संथ करावं लागतं. किती, याला गणित आहे, प्रमाणाचं वर्गमूळ. १/२४ च्या मॉडेलला सुमारे ४.९ पट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ११८ च्या आसपास चित्रं. तसं केलं नाही तर ट्रक खेळण्यासारखा टुणकन उडतो. आपली मॉडेलं स्थिर असतात म्हणून आपण या कटकटीतून सुटलो, एवढंच.

धुळीतून मात्र सुटका नाही. खऱ्या धुळीचा ०.१ मिलिमीटरचा कण मॉडेलवर बसला की तो अडीच मिलिमीटरांचा खडा होतो. कोकणातली लाल माती आणून मॉडेलवर टाकली तर गाडी जांभ्याच्या खाणीत पुरलेली दिसते. मग खडू किंवा रंगद्रव्य खलून पिठाहून बारीक करायचं आणि ब्रशानं टेकवायचं. पण कुठे? इथे हातातलं सामान संपतं आणि पाहणं सुरू होतं. बस धावताना तिच्या मागे हवेची पोकळी होते आणि धूळ तिथे ओढली जाते, म्हणून एसटीची पाठ तिच्या तोंडाहून मळकी असते. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली ओघळ असतो आणि त्यावर धूळ चिकटून तो दाट झालेला असतो. पुसणारे हात काचेवर कमान काढतात. वायपर पोचत नाही तो कोपरा तसाच राहतो. गंज दाराच्या खालच्या कडेला आधी येतो, कारण पाणी तिथे साठतं, आणि समुद्राजवळ गंज जितका लवकर येतो तितका नागपूरकडे येत नाही. हे कुठल्याही किटच्या सूचनापत्रात छापलेलं नसतं. मुलगा पहिल्या मॉडेलवर सगळीकडे सारखी धूळ फासतो. पुढे तो गाड्यांकडे पाहू लागतो, आणि मग स्टँडवर बस चुकली तरी त्याचा वेळ बरा जातो.

आतापर्यंत मी किटबद्दल बोललो, म्हणजे ज्या गाडीचा भागाकार दुसऱ्या कुणीतरी करून दिला आहे तिच्याबद्दल. अमेरिकेत ही सोय मोटार कंपन्यांच्याच जाहिरातीतून जन्मली. मिशिगनच्या एएमटीनं १९४८ पासून विक्रेत्यांच्या काउंटरवर ठेवायला नव्या मोटारींच्या छोट्या प्रती बनवल्या. १९५८ मध्ये त्यांचेच साचे वापरून एकाच खोक्यातून तीन प्रकारे बांधता येणारी किटं आली: कारखान्यातून निघाली तशी, हौसेनं बदललेली आणि शर्यतीची. १९७० च्या सुमाराला ट्रकही आले. पीटरबिल्ट ३५९ अजून दुकानात मिळतो. त्या काळच्या किटांत लांब नाकाचे ट्रक आहेत तसे नाक नसलेले, चपट्या तोंडाचेही बरेच आहेत, कारण तेव्हा अनेक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबीवर मर्यादा होती. नाक कापलं की माल वाढे. १९८२ च्या कायद्यानं मर्यादा एकट्या ट्रेलरवर आणली आणि नाकं परत आली. तामियानं तर एक पोर्शे ९११ विकत घेऊन तिचे भाग सुटे केले, आणि १९७६ मध्ये १/१२ ची पोर्शे ९३४ काढली. एवढी मोजदाद कुणी केली असली की बांधणाऱ्याचं काम हलकं होतं.

आपल्याकडच्या ट्रकचं असं कुणी मोजलेलं नाही, आणि मोजणार तरी कसं? टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे तोंडावरचा बेंझचा तारा जाऊन टाटांचा ‘टी’ आला. पण कारखान्यातून निघे ती बहुधा चॅसी आणि पुढचं तोंड. केबिन आणि हौदा बाहेरचे कारागीर बांधत, लाकडाची चौकट आणि वर पत्रा. एकाच मॉडेलचे दोन ट्रक शेजारी उभे केले तर टपाची उंची वेगळी, खिडकीची कमान वेगळी, माथ्यावरचा पाळणा वेगळा. भागायला मूळ आकडाच नाही. म्हणून टाटाचा ट्रक करणाऱ्याला एक विशिष्ट ट्रक निवडावा लागतो, टेप घेऊन त्याच्याभोवती फिरावं लागतं आणि क्लीनरच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात.

एसटीचं थोडं बरं आहे. राज्य परिवहनची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, आणि पुढे महामंडळाच्या बसच्या बॉडी त्यांच्याच दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या गेल्या. निदान घराणी तीनच. महाराष्ट्रात एसटीची मॉडेलं करणारी तरुण मुलं आहेत, आणि त्यांच्याकडे किट नाही म्हणून अडलेलं नाही. सनबोर्ड, फोमशीट, कार्डशीट, रिकाम्या रिफिली, फेव्हिक्विक. मला सगळ्यांत कौतुक त्यांच्या रिव्हेटांचं वाटतं. ॲल्युमिनियमच्या जुन्या बॉडीवर रिव्हेटांच्या रांगा असत. १० मिलिमीटरचं डोकं भागलं तर ०.४ मिलिमीटर येतं. पट्टी ठेवून, कागदाच्या मागून रिकाम्या रिफिलीच्या टोकानं टिंबं दाबत गेलं की पुढे उंचवटे उमटतात. ते भागाकारापेक्षा थोडे मोठेच येतात, आणि बस त्यामुळेच एसटी वाटते. किल्ल्यावरच्या मावळ्याची बाजू घेईन म्हणालो होतो ती इथे. एसटीच्या रिव्हेटा कुणी मोजत नाही, पण त्या नसल्या तर लगेच ओळखू येतं. जे आठवणीत मोठं असतं त्याला थोडी जागा जास्त द्यावी लागते. किती, तेच कौशल्य. दुप्पट केलं तर व्यंगचित्र होतं.

ट्रकच्या पाठीवरची अक्षरं हा यातला अवघड पेपर आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ घालायचं की नाही हे गाडीच्या सालावर ठरतं, कारण २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ते लिहायला बंदी केली. घालायचं ठरलं तर संगणकावर टंक निवडून छापता येतं, आणि ते छापलेलंच दिसतं. पेंटरच्या हाताला वळण असतं. उभ्या रेघेचं बूड किंचित पसरतं, ओळीच्या शेवटी जागा कमी पडून अक्षरं आवळतात. हे लहान करायला दुसरा हातच लागतो, तोही थोडा घाईत चाललेला.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची अडचण आणखी वेगळी. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा संपून शेवटची नोंदणी झालेली टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता ती मोजायची तर संग्रहात किंवा एखाद्या हौशी मालकाकडे, आणि तिथे ती धुतलेली, नवा रंग मारलेली असणार. पिवळ्या टपावर कॅरिअरच्या पायांनी उठवलेले गंजाचे डाग, डाव्या बाजूला बाहेर बसवलेल्या मीटरच्या खालचा झिजलेला रंग, हे सगळं फोटोंतून उचलावं लागतं, आणि फोटो काढणाऱ्याला मीटरखालच्या रंगात बहुधा रस नसतो.

मॉडेलही म्हातारं होतं, पण गाडीसारखं नाही. एएमटीच्या सुरुवातीच्या प्रती ॲसिटेट प्लॅस्टिकच्या होत्या. त्या वर्षानुवर्षं आक्रसत आणि वाकत गेल्या, म्हणून आज मोठाल्या मोटारी मध्येच पिचलेल्या सापडतात. मऊ टायरमधलं द्रव्य झिरपून प्लॅस्टिकच्या चाकाला वितळवतं. महायुद्धाआधीच्या डिंकी गाड्यांच्या जस्तात शिशाची भेसळ राहिली होती, त्या आतून तडकून भुगा होतात. जुन्या डिकलचा, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या छापील अक्षरं-चिन्हांचा, कागद पिवळा पडतो. तो खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवला की बराचसा पांढरा होतो, ही युक्ती खरी आहे.

माझ्या १२ मीटरच्या हिशोबावर एक आक्षेप मात्र पक्का आहे आणि तो टाळता येत नाही. बॉनेट बंद असलेल्या गाडीत इंजिन, त्याच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरपासून प्रत्येक प्लगपर्यंत जाणारी केसाइतकी तार, हे सगळं करून मग वर बॉनेट कायमचं चिकटवणारे लोक आहेत. एसटीत कंडक्टरची घंटीची दोरी ओवून वर टप लावणारे आहेत. अर्ध्या मीटरवरूनच काय, कुठूनही ते कुणाला दिसणार नाही. मग हिशोब चुकला का? मला वाटतं, पाहणारे दोन आहेत हे मी आतापर्यंत सांगितलं नव्हतं. पाहुणा गाडी अर्ध्या मीटरवरून दोन मिनिटं पाहतो. बांधणारा तिला एका वितीवरून वर्षभर पाहत असतो. त्याच्यासाठी ती रस्त्याच्या पलीकडे नसते. तो तिच्या बॉनेटमध्ये वाकलेला मेकॅनिक असतो. त्याला प्लगची तार दिसते, म्हणून तो ती लावतो. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होऊ लागतं आणि भिंग येतं. भिंगानं तो आणखी आत वाकतो.

दोघांचं एकाच वेळी समाधान करायला निघालं की बॉनेट उघडझाप करणारं हवं असं वाटू लागतं, आणि तिथे प्लॅस्टिक आडवं येतं. बिजागरी चालायची तर फट रुंद लागते, कड जाड ठेवावी लागते, आणि बंद केल्यावर बॉनेट एका कोपऱ्यात हटकून उचललेलं राहतं. १२ मीटरवरूनही ते दिसतं. मी एक बाजू घेतली आहे: माझ्या गाड्यांची बॉनेटं उघडत नाहीत. इंजिन बहुतेकींत आहे. ज्यांना ते पाहायचं असतं त्यांना चिकटवण्याआधीचा फोटो दाखवतो, आणि त्यांतले निम्मे तरी विचारतात की मग केलं कशाला.